मेंदूचा अपुरा राहिलेला हिशेब
चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांतील अर्थशास्त्राचे विद्यार्थी जॉन फॉन न्यूमन यांना बहुधा खेळ-सिद्धांतापुरतेच ओळखतात. १९०३ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या या गणितज्ञाने आधुनिक संगणकाचा आराखडा मांडला आणि अखेरीस मेंदूकडेच गणकयंत्र म्हणून पाहिले. मज्जापेशी यंत्राच्या मानाने अतिशय मंद, तिचा हिशेबही ढोबळ. तथापि कोट्यवधी पेशी एकाच वेळी राबत असल्याने काम सहसा कोलमडत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. निरोगी व रुग्ण मेंदूच्या संगणकीय प्रतिकृती घडविणाऱ्यांना हा विचार आजही टाळता येत नाही. कर्करोगामुळे १९५६ ची येल विद्यापीठातील व्याख्याने राहिली. पुढे खुद्द त्यांची बुद्धीच साथ सोडू लागली. शरीरवेदनेहून हे दुःख अधिक जाचक असावे. १९५७ मध्ये ते निवर्तले. अपुरे हस्तलिखित १९५८ साली ग्रंथरूपाने निघाले.