विश्लेषण : रुडॉल्फ डिझेल कोण होते? त्यांचे इंजिन धूर का सोडते?

शिरूरच्या रांजणगाव एमआयडीसीतले ट्रक असोत की दौंडमधील उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्या इंजिनाला एका माणसाचे नाव आहे.

कोण होते डिझेल?
रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ मध्ये पॅरिसमधील जर्मन कुटुंबात झाला. १८७० च्या युद्धामुळे कुटुंबाला शहर सोडावे लागले. पुढे ते म्युनिकमध्ये अभियांत्रिकी शिकले. वाफेच्या इंजिनात कोळशातली बहुतांश ऊर्जा वाया जाते, हे त्यांना खटकत होते.

त्यांनी काय केले?
हवा खूप दाबली की इतकी तापते, की ठिणगीविना इंधन पेटते. या तत्त्वावरच्या त्यांच्या इंजिनाने १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी आणली. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाताना ते जहाजावरून बेपत्ता झाले. मृत्यूचे गूढ कायम आहे.

धूर का होतो?
इंधन वाचवणाऱ्या त्याच उष्णतेत हवेतल्या नायट्रोजनपासून घातक ऑक्साइड बनतात. इंधन हवेत नीट मिसळले नाही की काजळी होते. दोन्ही फुफ्फुसांना अपायकारक.

उपाय काय?
१ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना बीएस-६ निकष आहेत. अशा ट्रकमध्ये फिल्टर काजळी अडवतो, तर युरियाचे द्रावण नायट्रोजन ऑक्साइडचे नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करते. त्यामुळे फिल्टर काढू नका, युरिया टाळू नका. जुन्या ट्रॅक्टरचा एअर फिल्टर स्वच्छ ठेवा, इंजेक्टर वेळेवर तपासून घ्या. काळा धूर कमी होतो, डिझेलही वाचते.