पिकांचे वैद्य दस्तूर

इसवी सन १८४५ मध्ये आयर्लंड देशात बटाट्याची हिरवी शेते पाहता पाहता काळी पडली. पुढील काही वर्षांत तेथे सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व साथीच्या रोगांनी मृत्युमुखी पडली. कुजलेल्या पानांवर पांढरी बुरशी दिसे. परंतु ती रोगाचे कारण नसून परिणाम आहे, असेच त्या काळच्या बहुतेक विद्वानांस वाटे. बुरशीच खरी अपराधी, हे सिद्ध होण्यास आणखी कित्येक वर्षे लागली. पुढे तिला फायटोफ्थोरा, म्हणजे वनस्पतींचा नाश करणारी, असे ग्रीक नाव मिळाले. तिच्या घातकी कुळाचा भारतात ज्यांनी कसून शोध घेतला, ते जहांगीर फर्दुनजी दस्तूर होत.

दस्तूर यांचा जन्म १८८६ साली एका पारशी कुटुंबात झाला. बिहारमधील पुसा येथे १९०५ साली शेतकी संशोधनसंस्था स्थापन झाली होती. तेथे एडविन बटलर या नामांकित तज्ज्ञाच्या हाताखाली दस्तूर काम करू लागले. वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास करणारा भारतीय त्या काळी विरळाच होता.

एरंडाची कोवळी रोपे पावसाळ्यात एकाएकी कुजून मरत. दस्तूर यांनी रोगट पानांतील बुरशी वेगळी काढून वाढविली, ती निरोगी रोपांवर सोडली आणि रोग पुन्हा उत्पन्न होतो की नाही, हे तपासले. या बुरशीचे सूक्ष्म बीजकण पाण्यात पोहतात. म्हणूनच पाणी साचणाऱ्या सखल जमिनीत रोगाचा जोर अधिक. तोच एरंड मोठा झाला, की पानांवर डाग पडूनही तगतो. कोवळेपणी मात्र त्याला हा मारा सोसत नाही. रोग कोणता, एवढेच विचारून भागत नाही. झाड कोणत्या वयाचे व कोणत्या जागी उभे आहे, हेही पाहावे लागते. ही बुरशी शास्त्राला नवी आहे असे ठरवून दस्तूर यांनी १९१३ साली तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. बटाट्यावरील करप्याचाही त्यांनी अभ्यास केला.

पुढे ते मध्यप्रांताच्या सरकारचे कवकशास्त्रज्ञ म्हणून नागपुरास आले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता व याच प्रांतात मोडत होता. स्वतंत्र जिल्हा तो १९९९ साली झाला. अशा विस्तीर्ण प्रांतातील पिकांचे रोग पाहणे, हे दस्तूर यांचे काम होते. नागपूरजवळील रामटेक पानमळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पानवेल लावणारे बारई लोक मळ्याला देवघराप्रमाणे जपत. पण पावसाळ्यात वेलाचा बुंधा जमिनीलगत काळा पडे, पाने पिवळी होत आणि वाढलेला वेल थोड्याच दिवसांत माना टाकी. एका वेलावरून रोग दुसऱ्यावर जाई आणि वर्षाची मेहनत मातीत मिळे. इतकी शुचिता पाळूनही हे का घडते, हे कोणास उमगत नव्हते. शत्रू तोच, फायटोफ्थोराच्या कुळातला, मातीतील ओलाव्यातून येणारा! दस्तूर यांनी १९२७ साली या मूळकुजीवर टिपण लिहिले व १९३५ साली पानवेलीच्या रोगांवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. मोरचूद व चुना पाण्यात कालवून केलेले बोर्डो मिश्रण हा या रोगावरील मुख्य उपाय. ते लोखंडी भांड्यात करून चालत नाही; मोरचुदातील तांबे लोखंडावर बसते आणि औषधाचा गुण जातो.

गोंदियाच्या वनांत बांबू विपुल आहे. बांबूच्या पानांवर तांबेरा पडतो. अशा तांबेऱ्याच्या एका नव्या प्रजातीला मुंडकूर व खेसवाला या भारतीय शास्त्रज्ञांनी १९४३ साली दस्तूर यांच्या सन्मानार्थ दस्तुरेला असे नाव दिले.

१९७१ साली दस्तूर निवर्तले. एरंडावरील बुरशीला त्यांनी दिलेले नाव पुढे मागे पडले. कारण जावा बेटात तंबाखूवर १८९६ साली वर्णिलेली बुरशी तीच, असे ठरले आणि शास्त्राच्या नियमाप्रमाणे जुन्या नावाला मान मिळाला. दस्तुरेला हे नावही आता सर्व शास्त्रज्ञ वापरीत नाहीत. पानमळ्यांत मात्र पावसाळ्याच्या तोंडी वेलांच्या बुंध्याशी बोर्डो मिश्रण आजही ओतले जाते.