आल्फ्रेड वर्नर

आल्सेस प्रांतातील म्यूलूझ या गावी १२ डिसेंबर १८६६ रोजी आल्फ्रेड वर्नर यांचा जन्म झाला. वडील कारखान्यात काम करीत. आल्फ्रेड यांना रसायनशास्त्राची गोडी लहानपणीच लागली. पुढे स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे शिकून १८९० साली त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली.

त्या काळी रसायनशास्त्रज्ञांपुढे एक कोडे होते. कोबाल्ट धातूच्या क्लोराइडाशी अमोनियाचा संयोग झाला, की रंगीबेरंगी संयुगे तयार होत. कोणात अमोनियाचे सहा रेणू असत, कोणात पाच, तर कोणात चार. कोबाल्टची संयोगशक्ती तीन क्लोरीन-अणूंना धरून ठेवण्यातच संपते. मग हे रेणू कशाच्या आधारे राहतात? डेन्मार्कचे विख्यात शास्त्रज्ञ योर्गेनसेन म्हणत, की ते साखळीच्या कड्यांप्रमाणे एकमेकांस जोडलेले असावेत.

एके रात्री दोन वाजता वर्नर यांना जाग आली आणि कोड्याचे उत्तर त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ते लागलीच लिहावयास बसले. लेखणी खाली ठेवली ती सायंकाळी पाच वाजता! १८९३ साली त्यांनी आपला सिद्धांत प्रसिद्ध केला. धातूचा अणू मध्यभागी असतो आणि त्याच्याभोवती सहा अणू वा रेणू ठरावीक जागी बसतात : चार बाजूंस चार, एक वर व एक खाली. उरलेले क्लोरीन-अणू या वेढ्याबाहेर मोकळे राहतात.

वर्नर तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते. हाती पुरावाही थोडाच होता. तो मिळविण्यासाठी मिओलाटी या सहकाऱ्याबरोबर त्यांनी या संयुगांच्या द्रावणांतून वीज सोडून पाहिली. बाहेर मोकळे अणू जितके अधिक, तितकी वीज अधिक वाहिली पाहिजे. घडलेही तसेच. असिटिलअसिटोन या द्विकीटोनाचा रेणू, खेकड्याने नांग्यांत धरावे त्याप्रमाणे, आपल्या दोन ऑक्सिजन-अणूंनी धातूस धरतो व दोन जागा एकटाच व्यापतो. प्लॅटिनमच्या अशा संयुगांचाही त्यांनी अभ्यास केला.

तरीही एक उणीव होती. चार अमोनिया व दोन क्लोरीन सहा जागी दोनच रीतींनी बसू शकतात : दोन्ही क्लोरीन शेजारी शेजारी, किंवा समोरासमोर. म्हणजे या संयुगाचे दोन प्रकार असलेच पाहिजेत. हिरवा प्रकार ठाऊक होता. दुसरा कोणासच सापडला नव्हता. योर्गेनसेन नेमके यावरच बोट ठेवीत. झुरिच विद्यापीठाच्या अंधाऱ्या तळघरात वर्नर व त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षे खपत राहिले. अखेर १९०७ साली तो दुसरा, जांभळा प्रकार हाती आला. योर्गेनसेन यांनी आपला विरोध सोडून दिला. वर्नर यांच्या सिद्धांतास आधार झालेली अनेक संयुगे योर्गेनसेन यांनीच कष्टाने तयार केली होती.

१९१३ साली वर्नर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु लवकरच प्रकृती ढासळली व १५ नोव्हेंबर १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या रक्तातील लोह आणि हिरव्या पानांतील मॅग्नेशियम हेही इतर अणूंच्या अशाच वेढ्यात असतात. एका रात्रीत सुचलेला विचार खरा ठरविण्यासाठी वर्नर यांनी चौदा वर्षे वेचली. म्हणूनच तो आज शास्त्र होऊन राहिला आहे.