कीर्तीचा ताळेबंद

सामान्यज्ञानाच्या परीक्षेत एक ठराविक प्रश्न असतो : मोटारगाडीचा शोध कोणी लावला? उत्तर दोन शब्दांचे, कार्ल बेंझ, गुण एक. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षक बरोबरची खूण करतो आणि विषय तेथेच संपतो. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला मात्र या एका गुणाच्या उत्तरापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. कारण त्या दोन शब्दांमागे कर्जात बुडालेला कारखाना आहे, पत्नीच्या हुंड्याचा पैसा आहे, भागीदारांशी झालेले मतभेद आहेत आणि आपल्याच नावाच्या कंपनीतून वयाच्या ५८ व्या वर्षी बाहेर पडलेला एक हट्टी अभियंता आहे. ज्या नावाची गाडी दारात उभी असणे जगभर ऐश्वर्याचे लक्षण मानले जाते, त्या नावाची कीर्ती नेमकी कोणाच्या खात्यावर मांडावयाची, हा प्रश्न या जीवनकथेत दडलेला आहे.

बेंझ यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८४४ रोजी दक्षिण जर्मनीतील बाडेन राज्यात, कार्ल्सरूह शहरालगतच्या म्युलबुर्ग येथे झाला. वडील आगगाडीचे इंजिनचालक होते. मुलगा दोन वर्षांचा होण्यापूर्वीच न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. तुटपुंज्या प्राप्तीत संसार रेटून आईने मुलाचे शिक्षण चालू ठेवले. त्याने सरकारी नोकरी धरावी, महिन्याच्या महिन्याला पगार घरी यावा, अशी त्या माउलीची इच्छा होती. आपल्याकडील कोणत्याही मध्यमवर्गीय घरात ती सहज समजेल. मुलाचा ओढा यंत्रांकडे होता. कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यालयात यंत्ररचनेला गणिताची व शास्त्राची बैठक देणाऱ्या फेर्डिनांड रेडटेनबाखर या थोर प्राध्यापकांच्या हाताखाली त्याला शिकावयास मिळाले. १८६४ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, बेंझ अभियंता होऊन बाहेर पडले. पुढची सात वर्षे यंत्रांच्या, वजनकाट्यांच्या व पुलांच्या कारखान्यांत नोकऱ्या करण्यात गेली. कोठेच ते फार काळ रमले नाहीत.

१८७१ साली त्यांनी मानहाइम येथे आउगुस्ट रिटर नावाच्या भागीदारासह ओतकाम व यंत्रकामाचा लहानसा कारखाना काढला. हा भागीदार बेभरवशाचा निघाला. त्याचा हिस्सा विकत घेऊन त्याला दूर करणे भाग होते, पण बेंझ यांच्यापाशी पैसा नव्हता. तो आला त्यांच्या वाग्दत्त वधूकडून. फोर्ट्‌सहाइम गावच्या सधन घरातील बर्था रिंगर यांनी आपला हुंडा विवाहापूर्वीच उचलून या कामी लावला, आणि १८७२ च्या जुलैत दोघे विवाहबद्ध झाले. मोटार उद्योगाच्या इतिहासातील हे पहिले साहसी भांडवल म्हटले तरी चालेल. त्या काळच्या कायद्यानुसार विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा कारभार पतीच्या हाती जात असे. त्यामुळे भांडवल बर्थाबाईंचे असले तरी कागदोपत्री मालकी त्यांची कधीच झाली नाही.

आणि वेळ तरी कोणती! फ्रान्सवरील विजयानंतर युद्धखंडणीचे पाच अब्ज फ्रँक जर्मनीत येऊ लागले होते. नव्या कंपन्यांचे पेव फुटले होते आणि भाग खरेदी करण्याची झुंबड उडाली होती. १८७३ च्या मे महिन्यात व्हिएन्नाचा शेअरबाजार कोसळला आणि त्या लाटेत जर्मनीतील तेजीही ओसरली. मंदीचा फटका बड्या सट्टेबाजांना बसतो तसाच, किंबहुना त्याहून अधिक, लहान कारखानदारांना बसतो. १८७७ पर्यंत बेंझ यांची स्थिती इतकी खालावली की, सावकारांच्या वसुलीपायी कारखान्यातील हत्यारांवर टाच आली.

अशा अवस्थेत सामान्य व्यवहारी माणसाने नोकरी शोधली असती. बेंझ यांनी वायूवर चालणारे इंजिन बनविण्याचा ध्यास घेतला. चार आघातांच्या इंजिनावर निकोलाउस ऑटो यांचे पेटंट असल्याने तो मार्ग बंद होता. म्हणून ते दोन आघातांच्या इंजिनाकडे वळले. १८७९ सालच्या अखेरच्या रात्री पतिपत्नी कारखान्यात गेली आणि अनेक प्रयत्नांनंतर ते इंजिन न थांबता चालू राहिले. घरात पैशाची चणचण होती, तरी नव्या वर्षात विकण्याजोगी वस्तू हाती आली होती.

पण इंजिन चालले म्हणजे धंदा चालला असे होत नाही. उत्पादन वाढविण्यासाठी पैसा हवा होता आणि तो देणाऱ्यांच्या अटी होत्या. १८८२ मध्ये संयुक्त भांडवली कंपनी स्थापन झाली. तिच्यात ज्याच्या बुद्धीवर ती उभी होती त्याचा वाटा केवळ पाच टक्के! आपल्या आराखड्यांत इतरांनी ढवळाढवळ करावी हे बेंझ यांना सहन झाले नाही. वर्षभरात ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. माक्स रोझे व फ्रीडरिश एसलिंगर या दोघा व्यापाऱ्यांनी त्यांना पुन्हा उभे केले, आणि ऑक्टोबर १८८३ मध्ये बेंझ आणि कंपनी अस्तित्वात आली. कारखान्यात जागीच बसविलेली इंजिने चांगली खपू लागली. त्या नफ्यावरच बेंझ यांच्या घोड्यावाचून चालणाऱ्या गाडीचे प्रयोग पोसले गेले. भागीदार याबाबत साशंक होते, आणि त्यांना दोष देता येणार नाही. चालता धंदा सोडून ज्या वस्तूला गिऱ्हाईकच नाही तिच्यात पैसा का गुंतवावा, हा त्यांचा सवाल हिशेबाच्या दृष्टीने बिनतोड होता.

२९ जानेवारी १८८६ रोजी बेंझ यांनी आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठी अर्ज केला, क्रमांक ३७४३५. युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्यात २०११ साली समाविष्ट झालेला हाच तो दस्तऐवज. गाडीचे इंजिन पाऊण अश्वशक्तीचे, वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर. आधीच असलेल्या घोडागाडीला इंजिन न जोडता इंजिन, सांगाडा व चाके यांची मिळून एकच नवी रचना करावयाची, हे बेंझ यांचे खरे वैशिष्ट्य. त्याच जुलैत ती मानहाइमच्या रस्त्यावर लोकांसमोर धावली. कुतूहल पुष्कळ, मागणी जवळजवळ नाही, अशी स्थिती पुढे दोन वर्षे राहिली.

ही कोंडी फोडली ती पुन्हा बर्थाबाईंनीच. १८८८ च्या ऑगस्टमध्ये पतीला न सांगता, ओयगेन व रिखार्ड या पंधरा व तेरा वर्षांच्या दोन मुलांना घेऊन त्या मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. इंधन संपत आले तेव्हा व्हिसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून त्यांनी डाग काढण्याचे लिग्रोइन विकत घेतले. तुंबलेली इंधननळी टोपीच्या टाचणीने मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. परतल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा, ही त्यांची सूचना बेंझ यांनी अमलात आणली. या प्रवासाकडे गृहिणीचे धाडस म्हणून कौतुकाने पाहण्याचा प्रघात आहे. माझ्या मते ती पहिली ग्राहक-चाचणी होती आणि गुंतवणूकदाराने आपल्या पैशाची केलेली राखणही होती. शोध लावणारा मनुष्य आपली वस्तू अजून अपुरी आहे म्हणून ती झाकून ठेवतो. ती जशी आहे तशी जगात नेऊन दाखविणारे दुसरे कोणीतरी लागते.

त्यानंतर चित्र पालटले. १८९० मध्ये जुने भागीदार जाऊन युलिउस गान्स व फ्रीडरिश फॉन फिशर हे नवे आले. गान्स विक्रीच्या कलेत मुरलेले होते. फ्रान्समध्ये एमिल रोझे या विक्रेत्याने आधीच बाजारपेठ उघडली होती. १८९४ साली आलेली व्हेलो ही हलकी, तुलनेने स्वस्त गाडी हजारावर खपली. १८९९ मध्ये बेंझ कंपनीने ५७२ गाड्या बनविल्या आणि ती जगातील सर्वांत मोठी मोटार-उत्पादक ठरली.

शिखर गाठताच उतरण लागली. स्टुटगार्टजवळच्या डाइमलर कंपनीत विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ साली लांब, बुटकी, वेगवान अशी नवी गाडी घडविली. एमिल येलिनेक या धनिक विक्रेत्याच्या मुलीवरून तिला मर्सिडीज हे नाव पडले. बेंझ यांच्या गाड्या एकाएकी जुनाट दिसू लागल्या आणि खप झपाट्याने घसरला. शर्यती व वेगाची चढाओढ बेंझ यांना मान्य नव्हती. भक्कमपणा व सुरक्षितता हेच त्यांचे निकष. गान्स यांनी फ्रेंच अभियंते आणून वेगळा आराखडा करविला, तेव्हा १९०३ मध्ये बेंझ कामकाजातून बाजूला झाले. त्यांचा हट्ट बाजाराच्या दृष्टीने चुकीचा होता, हे मान्य करावयास हवे. ज्या हट्टाने १८७९ साली इंजिन चालले, त्याच हट्टाने १९०३ साली त्यांना मागे ठेवले. चरित्रलेखक पहिल्याला चिकाटी म्हणतात आणि दुसऱ्याविषयी फारसे बोलत नाहीत. पुढे ते देखरेख मंडळाचे सभासद राहिले आणि लाडेनबुर्ग या लहान गावी मुलासह त्यांनी वेगळा कारखाना काढला. १९१४ मध्ये कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली.

महायुद्ध आणि १९२३ ची भयंकर चलनवाढ यांनी जर्मन उद्योगाचे कंबरडे मोडले. १९२६ च्या जूनमध्ये बेंझ व डाइमलर या प्रतिस्पर्धी कंपन्या एक झाल्या. गाडीच्या नावात मर्सिडीज हा मान एका विक्रेत्याच्या मुलीला मिळाला आणि बेंझ हे नाव जोडीला राहिले. ४ एप्रिल १९२९ रोजी, ८४ व्या वर्षी, लाडेनबुर्ग येथे बेंझ यांचे निधन झाले.

पण नावाची कथा माणसाबरोबर संपत नाही. १९४० साली नाझी प्रचारखात्याने कोशकारांना सूचना दिली की, मोटारगाडीचे जनक म्हणून यापुढे व्हिएन्नाचे झिगफ्रीट मार्कुस यांचे नाव न देता डाइमलर व बेंझ यांची द्यावीत. मार्कुस ज्यू होते. त्यांच्या गाडीच्या कालाविषयी संशोधकांत पुढे मतभेद झाले; बेंझ यांचे श्रेय आपल्या पायांवर उभे आहे, त्याला अशा फर्मानाची गरज नव्हती. तरीही ते निघाले, ही गोष्ट विसरता येत नाही. १९४४ साली कंपनीतील सुमारे ६३ हजार कामगारांपैकी जवळजवळ निम्मे वेठीला धरलेले परदेशी मजूर, युद्धकैदी व छळछावण्यांतील बंदिवान होते. कंपनीने १९८८ मध्ये त्याबद्दल दोन कोटी मार्क दिले. २०२० साली डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचण्यांत फसवणूक केल्याच्या आरोपांवरून अमेरिकेत सरकारी यंत्रणांशी सुमारे दीड अब्ज डॉलरांची तडजोड करावी लागली. बेंझ यांच्या मृत्यूनंतरचे हे व्यवहार त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण जी कंपनी त्यांच्या पेटंटाचे श्रेय वारसाहक्काने घेते, तिला या नोंदीही त्याच वहीत ठेवाव्या लागतील. कीर्ती हा लेखापालांच्या भाषेत नावलौकिक. तो जमेच्या बाजूला दिसतो. दुसऱ्या बाजूला कोणाचे देणे आहे, हे पाहिल्यावाचून ताळेबंद जुळत नाही.

आपल्या देशाचाही या नावाशी जुना संबंध आहे. १९५४ साली टाटांनी डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला मालमोटारी बनू लागल्या. १९६९ मध्ये करार संपेपर्यंत तीन टोकांची चांदणी आपल्या घाटांतून ओझी वाहत होती. तिला ऐशआरामाचा गंधही नव्हता. कंपनी येथे मोटारी बनवू लागली ती १९९० नंतरच्या दशकात, पुण्यात. २००९ पासून तिचा कारखाना चाकणला आहे. त्या परिसरातून दुचाकीवर वा बसने महाविद्यालयात येणारे विद्यार्थी माझ्यासारख्या अनेक अध्यापकांच्या वर्गात बसतात. त्यांतील काहींना स्वतःचा उद्योग काढावयाचा असतो, आणि पहिला फटका बसला की आपल्यात ते गुणच नाहीत, अशी त्यांची समजूत होते.

या समजुतीला आमचे एका गुणाचे उत्तर काही अंशी जबाबदार आहे. यश पाठ करून घेताना आम्ही १८७७ ची टाच गाळतो, पाच टक्क्यांचा वाटा गाळतो, हुंड्याचा पैसा आणि टोपीची टाचणी गाळतो. मग उरलेले नाव आकाशातून पडल्यासारखे भासते. प्रश्नपत्रिका बदलणे एकट्यादुकट्या शिक्षकाच्या हाती नसेल. पण उत्तर सांगून झाल्यावर तास संपण्यास पाच मिनिटे असतील, तर हा हिशेब मुलांपुढे मांडणे निश्चितच हाती आहे. कार्ल बेंझ हे उत्तर बरोबर आहे. त्याच्या शेजारी बर्था बेंझ हे नाव लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा गुण मात्र कोणी कापू नये.