अलेक्झांडर चोमा: एक निर्धन प्रवासी

सुटी जवळ आली म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं प्रवासाच्या गोष्टी येऊं लागतात, आणि त्यांच्या पाठोपाठ एक सुस्काराही ऐकूं येतो कीं, पैशावांचून प्रवास व्हावा कसा? घरच्या वडील मंडळींसही हाच प्रश्न पडतो. ह्याचें उत्तर उपदेशानें न देतां एका थोर पुरुषाच्या चरित्रानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. ह्या पुरुषाचा देह आपल्याच देशांत, दार्जिलिंगच्या डोंगरावर, चिरविश्रांति घेत आहे. तरी त्याचें नांव आपल्याकडे फारच थोड्यांच्या कानीं असतें.

अलेक्झांडर चोमा ह्याचा जन्म १७८४ सालीं ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतांतील कोरोश नांवाच्या खेड्यांत एका गरीब हंगेरियन कुटुंबांत झाला. हा प्रांत आतां रुमानिया देशांत मोडतो. मुलाला विद्येची गोडी मोठी, परंतु घरीं पैसा नाहीं. तेव्हां १७९९ सालीं तो दूरच्या एन्येद गांवच्या विद्यालयांत दाखल झाला. तेथें गरीब मुलांना कांहीं चाकरीच्या मोबदल्यांत राहण्याजेवण्याची सोय मिळत असे. आपल्याकडे वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याची जी स्थिति असे, तीच त्याची होती. कठीण अंथरूण, साधें अन्न आणि पायीं चालणें ह्यांची संवय त्याला येथेंच जडली. पुढें शिष्यवृत्ति मिळून तो जर्मनींतील गॉटिंगेनच्या विद्यापीठांत दोन वर्षें राहिला.

आपले हंगेरियन लोक पूर्वीं आशिया खंडांतून आले. तेव्हां त्यांचे भाऊबंद तेथें कोठें तरी असलेच पाहिजेत, ते शोधून काढावे, हा ध्यास त्याला लहानपणापासून लागला होता. १८१९ च्या नोव्हेंबरांत तो स्वदेश सोडून निघाला. गांठीला एका स्नेह्यानें दिलेली अल्पशी रक्कम होती. गुरूचा निरोप घेण्यास तो आला तेव्हां, जवळच्या मळ्यापर्यंत फेरफटका करावयास निघालेल्या माणसासारखे साधे, हलके कपडे त्याच्या अंगावर होते.

वाटेंत प्लेगच्या सांथीनें त्याला मार्ग बदलावा लागला. समुद्रानें अलेक्झांड्रिया, सायप्रस व सीरियाचा किनारा गांठून आलेप्पोहून मोसूलपर्यंत तो तांड्याबरोबर पायीं गेला. तेथून तराफ्यावर बसून तैग्रिस नदीनें बगदादेस उतरला. १८२० च्या ऑक्टोबरांत तेहरानास पोंचला तेव्हां जवळचे पैसे संपले होते. तेथील इंग्रज वकिलातीनें त्याला आश्रय दिला. चार महिने राहून त्यानें फारसी व इंग्रजी पक्की केली. मग आपली प्रशस्तिपत्रें व कागद तेथेंच ठेवून, मार्गांत मृत्यु आल्यास ते घरीं पाठवावे अशी विनंति करून, आर्मेनियन वेषांत तो पुढें निघाला. मशहद, बुखारा, काबूल, लाहोर आणि काश्मीर करीत १८२२ च्या जूनांत तो लडाखमधील लेह येथें आला. पुढील यारकंदचा रस्ता खर्चाचा व जिवाच्या भीतीचा होता; म्हणून तो मागें फिरला. परततांना त्याची मूरक्रॉफ्ट नांवाच्या इंग्रज प्रवाशाशीं गांठ पडली. त्याच्या सल्ल्यानें चोमानें तिबेटी भाषेचा अभ्यास आरंभिला.

ह्यापुढील हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष लक्ष देऊन वाचावी. झांस्कर प्रांतांतील झांगला येथें चोमा, त्याचा गुरु लामा आणि एक नोकर असे तिघे नऊ फूट लांब व नऊ फूट रुंद अशा एका खोलींत हिंवाळ्याचे तीनचार महिने कोंडून राहिले. बाहेर बर्फ, आंत शेगडी नाहीं, रात्रीं दिवा नाहीं. मेंढीच्या कातड्याचा झगा पांघरून चोमा सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पोथी वाचीत बसे. पान उलटण्यासाठीं झग्यांतून हात बाहेर काढणें हीसुद्धां एक शिक्षाच होती!

कांहीं काळानें इंग्रज सरकारानें त्याला दरमहा ५० रुपये देऊं केले. १८२७ पासून तो सतलजच्या खोऱ्यांतील कानम् येथें राहिला. त्या ५० रुपयांतून २५ रुपये तो आपल्या लामा गुरूस देई. नोकर, भाडें इत्यादि जाऊन त्याच्या अन्नवस्त्रास वीस रुपयेही उरत नसत. कोणीं भेट पाठविली तर ती घेण्यास तो राजी नसे. येथें एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्यानें स्वतःच्या ताटांतलें कमी केलें, परंतु गुरूच्या मोबदल्यांत काटकसर केली नाहीं. काटकसर व कंजूषपणा ह्यांतील भेद ह्याहून स्पष्ट कोणता दाखवावा?

१८३४ सालीं कलकत्त्यास त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश व व्याकरण हे ग्रंथ छापून प्रसिद्ध झाले, आणि तिबेटी विद्येचा दरवाजा जगाला उघडला. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाचें काम त्याच्याकडे आलें, तरी राहणी पालटली नाहीं. जमिनीवर चटई, चारी बाजूंना पुस्तकांच्या पेट्या, जेवणास चहा व उकडलेला भात. देशबांधवांनीं वर्गणी करून पाठविलेला पैसाही त्यानें स्वतःसाठीं न वापरतां मायदेशीं विद्येच्या कामीं परत पाठविला.

१८४२ सालीं, अठ्ठावन्नाव्या वर्षीं, तो ल्हासास जाण्यास निघाला. तराईच्या रानांत त्याला हिंवतापानें गांठलें आणि ११ एप्रिल रोजीं दार्जिलिंग येथें त्याचा अंत झाला. मागें राहिलें काय? पुस्तकांच्या व कागदांच्या चार पेट्या, अंगावरचा निळा पोषाख, कांहीं सदरे आणि एक स्वयंपाकाचें भांडें. पैसाही निघाला, पण तो चैनीसाठीं नव्हे, पुढल्या वाटेसाठीं राखलेला होता.

ज्या भाऊबंदांच्या शोधास तो निघाला, ते त्याला भेटले नाहींत. हंगेरियन भाषेचें नातें तिबेटच्या बाजूस नसून फिनलंडच्या व उरल पर्वतापलीकडील कांहीं लोकांच्या भाषांशीं आहे, असें विद्वानांनीं ठरविलें आहे. म्हणजे हेतु फसला. परंतु वाटेंत केलेलें काम अमर झालें. देहाची हेळसांड त्यानें केली, तिचें अनुकरण कोणी करावें असें आम्ही म्हणत नाहीं. प्रकृति राखणें हीही एक काटकसरच आहे. पण अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण बहुधा घरीं बसण्याच्या सबबीसाठीं वापरतों. चोमानें अंथरूण लहान ठेवलें, आणि पाय मात्र अर्ध्या आशिया खंडावर पसरले. तेव्हां सुटींत जवळचा एखादा गड पाहावयास जरी निघालां, तरी ओझें थोडें घ्या, शिदोरी घरची घ्या, आणि सोबत्याच्या वांट्याचें मात्र कधीं कमी करूं नका.