विश्लेषण : निजामाच्या दरबारी छायाचित्रकाराने दुष्काळी मजुरांचे फोटो का काढले? कोण होते राजा दीनदयाळ?

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनामुळे देशभर चर्चेत आले. पाठोपाठ मराठवाड्यात निजामकालीन नोंदींची शोधाशोध सुरू झाली. पण त्या काळाने कागदी नोंदींबरोबर आणखी एक दस्तावेज मागे ठेवला आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) भागात दुष्काळी कामांवर रस्ता बांधणाऱ्या मजुरांची ही कृष्णधवल छायाचित्रे आहेत. अंबड तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होता. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. ही छायाचित्रे टिपणारे होते राजा दीनदयाळ.

शिक्षण सिव्हिलचे, ओढ कॅमेऱ्याची

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे, जवाहिऱ्याचा व्यवसाय असलेल्या जैन कुटुंबात झाला. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात (आजची आयआयटी रुरकी) त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १८६६ मध्ये ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम विभागात नोकरीला लागले. अंदाजपत्रके करणे आणि नकाशे काढणे हे त्यांचे काम होते. १८७४ च्या सुमारास त्यांना छायाचित्रणाचा छंद लागला. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि ब्रिटिश अधिकारी सर हेन्री डॅली यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्यासोबत फिरून त्यांनी मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे काढली. छंद मोठा झाला आणि सरकारी नोकरी सुटली.

निजामाच्या दरबारात कसे पोहोचले?

१८८० च्या दशकाच्या मध्यावर ते हैदराबादला आले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार केले आणि पुढे ‘राजा’ हा किताबही दिला. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी हैदराबादेत वेगळा स्टुडिओ निघाला, तिथे छायाचित्रे काढण्याचे काम एका इंग्रज बाईंकडे होते. १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ सुरू झाला. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या छायाचित्रकाराचा मानही त्यांना मिळाला. राजवाडे, शिकारी, मेजवान्या, व्हाइसरॉयचे दौरे हे त्यांचे नेहमीचे विषय होते.

मग मजुरांचे फोटो कशासाठी?

१८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पाठोपाठ आले. दुसऱ्याने मराठवाड्याचे कंबरडे मोडले. १८९१ ते १९०१ या दोन जनगणनांमध्ये औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या लाखाहून अधिकने घटली. त्या काळी सरकारी मदत म्हणजे प्रामुख्याने काम. अंगात बळ आहे त्याने खडी फोडायची, माती वाहायची, रस्ता किंवा तलाव बांधायचा आणि त्यावर पोट भरायचे. मराठवाड्याने हेच चित्र १९७२ च्या दुष्काळात पुन्हा पाहिले.

दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्याने ही कामे टिपली ती निजाम सरकारच्या ‘सत्कार्य’ उपक्रमाची नोंद म्हणून. म्हणजे राज्य प्रजेसाठी काय करते आहे, हे त्यातून दाखवायचे होते. इथेच या छायाचित्रांची ताकद आहे आणि मर्यादाही. १८७६-७८ च्या मद्रास दुष्काळात विलोबी हूपर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेली माणसे समोर बसवून फोटो काढले होते आणि त्यावर टीकाही झाली होती. दीनदयाळ यांच्या या चित्रांचा विषय भूक नाही, काम आहे. रस्त्याला किती माणसे लागतात, याचे हिशेब त्यांनी तरुणपणी केलेलेच होते. पण दिवसभर राबून त्या माणसांच्या पदरात काय पडले, हे चित्र सांगत नाही.

हे फोटो काढणे किती अवघड होते?

कॅमेरा तिपाईवर ठेवावा लागे. फिल्मऐवजी काचेची जड प्लेट असे आणि एका प्लेटवर एकच चित्र येई. हात हलला की तो धूसर होई. त्यामुळे अशा मोठ्या समूहाचे चित्र सहज, नकळत टिपणे जवळपास अशक्य होते. आपला फोटो निघतो आहे, हे समोरच्यांना बहुधा ठाऊक असे. तो फोटो पुढे कोण पाहणार, हे त्यांना कळले असण्याची शक्यता मात्र फार कमी.

पुढे काय झाले?

१९०४ मध्ये मुलगा धरमचंद यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षभरात, जुलै १९०५ मध्ये मुंबईत दीनदयाळ यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

आज हे का महत्त्वाचे?

१ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या कामांवर मोबाइल अ‍ॅपवरील फोटोद्वारे मजुरांची हजेरी बंधनकारक झाली. फोटो चढला नाही तर मजुरी अडकण्याची भीती असते. दीनदयाळ यांच्या काळी फोटो हा राज्यकर्त्याने मदत केल्याचा पुरावा होता, आता तो मजुराने काम केल्याचा पुरावा झाला आहे. एक फरक मात्र मोठा आहे. आजच्या हजेरीपटावर मजुराचे नाव असते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रांच्या शीर्षकात काम आहे, ठिकाण आहे आणि निजामाचा उल्लेख आहे. रस्ता बांधणाऱ्यांची नावे मात्र नाहीत.