पन्नास रुपयांवर आलेला पंडित : धर्मानंद कोसंबी



आमच्या चंदनसारहून सोपाऱ्याचा स्तूप लांब नाही. तिथे मुलांना नेले की एखादा विचारतोच, गुरुजी, बुद्धाने घर का सोडले? म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून, हे उत्तर तुम्ही ऐकले असेल. ते तपासून पाहणारा एक मराठी पंडित होऊन गेला, त्याची ओळख करून घ्या.

धर्मानंद कोसंबी 1876 साली गोव्यात साखवाळला जन्मले. जात ब्राह्मण, शालेय शिक्षण जेमतेम. एका मराठी मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचले आणि 1899 च्या अखेरीस घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. (त्या माउलीचे कष्ट विसरून हे चरित्र सांगू नये, असे मला वाटते.) पुणे, काशी, नेपाळ करीत ते सिंहलद्वीपात पोहोचले आणि 1902 साली श्रामणेर झाले.

पुढे कलकत्त्याची अडीचशे रुपयांची नोकरी सोडून ते महाराष्ट्रात आले, सयाजीराव गायकवाडांच्या पन्नास रुपयांवर! आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. या दोन आकड्यांतले अंतर मला कळते. त्यांना बुद्धाचा विचार मराठीत आणायचा होता.

1910 पासून चार वेळा ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. काम ‘विशुद्धिमार्ग’ या पाली ग्रंथाचे. त्यात आधी शील, मग समाधी, मग प्रज्ञा. म्हणजे माणसाने वागावे कसे आणि त्याचे मन चालते कसे, हे दोन्ही एकाच अभ्यासात. कोसंबींनी त्याला समाजाच्या इतिहासाची जोड दिली. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी चार दृश्यांची कथा बाजूला ठेवली आणि जुन्या सुत्तांच्या आधारे शाक्य-कोलियांच्या भांडणाकडे बोट दाखविले. शस्त्र धरलेली माणसे पाहून ज्याला भय वाटले, त्याने घर सोडले. बाबासाहेबांचा ग्रंथ 1957 साली निघाला. त्यातही गृहत्यागाच्या मुळाशी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटाच आहे. तो तुमच्या घरी असेल तर ते प्रकरण मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.

परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. जून 1947 मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

हार्वर्डमध्ये संपादनाच्या श्रेयावरून त्यांचा प्राध्यापक लॅनमन यांच्याशी वाद झाला होता. तिथली ‘विशुद्धिमार्गा’ची आवृत्ती 1950 साली छापून आली. वॉरन यांच्या नावाखाली कोसंबींचेही नाव तीवर होते.